पाय गमावलेल्या आप्ताची शुश्रूषा
(घरांतील माणसांसाठीं एक धडा)



जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अंबडच्या पुढें, गोदावरीच्या खोऱ्यांत घनसावंगी तालुका आहे. कापूस, ऊंस व मोसंबी ह्यांवर तेथील संसार चालतात. आज तेथें पुष्कळ घरीं कडबाकुट्टीचें यंत्र आलें आहे, मळणीयंत्र शेतोशेतीं फिरतें, उसाच्या गाड्या रात्रीं-अपरात्रीं रस्त्यानें धांवतात. आणि मधुमेह, जो पूर्वीं शहरांतील सुखवस्तु लोकांचा रोग समजला जात असे, तोही खेड्यांतील घरांत शिरला आहे. ह्या सर्वांचा परिणाम असा कीं, एखाद्या घरीं एके दिवशीं बातमी येते: प्राण वाचला, पण पाय कापावा लागला.

अशी बातमी आली म्हणजे सर्व गांव जमा होतो. शेजारीपाजारी येतात, उसासे टाकतात, चार शब्द बोलतात. दहा-बारा दिवसांनीं गांव आपल्या कामास लागतो. मग घरांत दोघेंच उरतात: एक, ज्याचा पाय गेला तो, आणि दुसरें, त्याची शुश्रूषा करणारें माणूस. बहुधा ती पत्नी असते, कधीं आई, कधीं मुलगा किंवा सून. पहिल्याकडे डॉक्टर पाहतात, दुसऱ्याकडे कोणी पाहत नाहीं. आजचा धडा मुख्यतः त्या दुसऱ्या माणसासाठीं आहे.

१. मायेची उशी

प्रथम एक उदाहरण घेऊं. समजा, एका शेतकऱ्याचा उजवा पाय गुडघ्याखालीं कापला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयांतून त्यास घरीं आणिलें. ठणका फार आहे. त्याची पत्नी गुडघ्याखालीं एक मऊ उशी सारते. त्यास बरें वाटतें, आणि त्यास बरें वाटलें म्हणून तिलाही बरें वाटतें. दुसऱ्या दिवशीं ती दोन उशा ठेवते. असे सहा-सात आठवडे जातात. जखम भरून येते. मग कृत्रिम पाय बसविणाऱ्या कारागिराकडे जाण्याचा दिवस येतो. कारागीर तो गुडघा हातांत घेऊन सरळ करूं पाहतो, आणि गुडघा सरळ होत नाहीं. मांडीच्या मागचे स्नायू आंखडून बसले आहेत. वांकलेल्या गुडघ्यावर नवा पाय नीट बसत नाहीं, आणि बसला तरी चालतां येत नाहीं.

ह्या बाईची माया कमी होती काय? मुळींच नाहीं. तिनें रात्रीच्या रात्री जागून काढिल्या. परंतु जी उशी तिनें मायेनें ठेविली, तिनेंच पतीची वाट अडविली. उणें होतें तें ज्ञान. म्हणून ह्या धड्याचा पहिला नियम असा: शुश्रूषेंत मायेबरोबर समजही पाहिजे, आणि आजचा आराम व उद्यांचें चालणें ह्यांत विरोध आला तर उद्यांचें चालणें निवडावें.

ह्यावर उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. पाय गुडघ्याखालीं कापला असेल तर निजतांना व बसतांना गुडघा सरळ ठेवावा. खालीं उशी ठेवूं नये, आणि खाटेच्या कडेवरून पाय फार वेळ लोंबकळूं देऊं नये. खुर्चीवर बसतांना खालीं फळी घालून तिच्यावर पाय लांब करावा. मांडींतून कापला असेल तर दोन मांड्यांमध्यें उशी ठेवूं नये. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर रोग्यानें दिवसांतून दोन-तीन वेळां पंधरा-वीस मिनिटें पालथें निजावें. त्यानें कंबरेचा सांधा आंखडत नाहीं. व्यायाम शिकविणारे तज्ज्ञ रुग्णालयांत असतात. घरीं आणण्यापूर्वीं त्यांच्याकडून प्रत्येक व्यायाम केवळ रोग्यानेंच नव्हे, तर घरांतील एका माणसानेंही शिकून घ्यावा.

२. जखम व पट्टी

कापलेल्या अवयवाचा जो भाग उरतो त्यास खुंट म्हणतात. तो पाहण्याची पुष्कळांस भीति वाटते. पत्नी तोंड फिरविते, रोगी चादर ओढून घेतो. ही भीति नैसर्गिक आहे. परंतु ज्या दिवशीं दोघें मिळून तो खुंट पाहतील, त्या दिवसापासून खरी शुश्रूषा सुरू होईल.

जखम भरेपर्यंत डॉक्टरांनीं सांगितलें तेवढेंच औषध लावावें. हळद, चुना, राख, झाडपाल्याचा लेप ह्यांपैकीं कांहींही उघड्या जखमेवर घालूं नये. ताप येणें, घाण वास, पू, वाढती लाली, कातडी काळी पडणें, अचानक वाढलेला ठणका ह्यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास उद्यांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

जखम भरत आली म्हणजे सूज उतरावी व खुंटास आकार यावा म्हणून लवचिक पट्टी बांधतात. ती बांधण्याची एक रीत आहे. फेरे तिरपे, एकमेकांस छेदणारे असावे. बांगडीसारखे गोल फेरे देऊं नयेत, कारण त्यानें रक्त अडतें. टोंकाकडे पट्टी घट्ट असावी व वर जातांना सैल होत जावी. दिवसांतून कांहीं वेळां ती सोडून पुन्हां बांधावी. बांधल्यावर ठणका वाढला, किंवा कातडी निळसर झाली, तर ताबडतोब सोडावी. हें काम पुस्तकांत वाचून येत नाहीं. परिचारिकेसमोर दोन-तीन वेळां स्वतःच्या हातानें बांधून दाखवावें.

जखम पूर्ण भरल्यावर रोज संध्याकाळीं खुंट साध्या साबणानें धुवावा व कोरडा करावा. खुंटाखालची बाजू रोग्यास दिसत नाहीं. तेथें लहान आरसा धरून त्याला स्वतःलाच पाहूं द्यावें.

३. नसलेल्या पायाचें दुखणें

आतां एक विलक्षण गोष्ट सांगावयाची आहे. पाय कापल्यावर कित्येकांस तो पाय अद्यापि आहे असें वाटतें. बोटें खाजतात, टांच जळते, पोटरींत वांब येतो. मध्यरात्रीं रोगी म्हणतो, “माझा पाऊल पिळवटतो आहे,” आणि जेथें पाऊल होता तेथें रिकामें अंथरूण असतें.

खेड्यांत अशा वेळीं दोन चुका होतात. कोणी म्हणतात, ह्याचें डोकें फिरलें. कोणी म्हणतात, कापलेला पाय नीट पुरला नाहीं म्हणून तो त्रास देतो, आणि मग त्यावर खर्च सुरू होतो. दोन्ही समज खोटे आहेत. सोळाव्या शतकांत फ्रान्समधील आंब्र्वाझ पारे ह्या शस्त्रवैद्यानें हें दुखणें नोंदून ठेविलें होतें. आणि अमेरिकेंतील यादवी युद्धांत अवयव गमावलेल्या सैनिकांस तपासणाऱ्या डॉ. सायलस वेअर मिचेल ह्यांनीं १८७१ सालीं त्यास भासमान अवयव अशा अर्थाचें नांव दिलें. पाय गेला तरी मेंदूंतील पायाची जागा जात नाहीं, आणि कापलेल्या मज्जातंतूंची टोंकेंही संदेश धाडीत राहतात. म्हणून दुखणें खरें असतें. त्यावर औषधें आहेत. डॉक्टरांस स्पष्ट सांगितल्यास तीं मिळतात.

१९९० नंतरच्या दशकांत मूळचे तमिळनाडूचे शास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन ह्यांनीं आरशाचा एक उपाय पुढें आणिला. दोन पायांच्या मध्यें आरसा उभा धरून चांगल्या पायाचें प्रतिबिंब अशा रीतीनें पाहावयाचें कीं, जणूं गेलेला पाय तेथेंच आहे. मग चांगला पाय हळूहळू हालवावयाचा. सर्वांनाच ह्यानें गुण येतो असें नाहीं, परंतु कांहींस उतार पडतो, आणि खर्च एका आरशाचा. व्यायामतज्ज्ञाकडून रीत समजून घेऊन हें करून पाहावें. खुंट हलक्या हातानें चोळणें, त्यावर निरनिराळीं कापडें फिरविणें, ह्यानेंही पुष्कळांस बरें वाटतें. मात्र जखम भरल्यानंतरच.

आणि सर्वांत मोठा उपाय शुश्रूषा करणाराच्या तोंडीं आहे. रोगी म्हणाला, “पाऊल दुखतो,” तर “पाऊल आहे कोठें?” असें म्हणूं नये. “कोठें दुखतो, मला दाखवा,” असें म्हणावें.

४. घराची तयारी

घरीं आल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत मोठें भय पडण्याचें असतें. झोपेंतून उठलेला मनुष्य पाय गेल्याचें विसरतो, नेहमींप्रमाणें उभा राहूं पाहतो, आणि भरूं लागलेल्या खुंटावर आदळतो. म्हणून रात्रीं मंद दिवा असावा, काठी किंवा कुबड्या हाताशीं असाव्या, आणि पाण्याचा तांब्या व लघवीचें भांडें उशाशीं ठेवावें. वाटेंतील घोंगडीं, दोऱ्या, सामान उचलावें. ओल्या फरशीवर कुबडीचें टोंक घसरतें. टोंकाचें रबर झिजलें कीं बदलावें. उंच उंबऱ्यास लहान उतार करावा. न्हाणीघरांत व शौचालयांत भिंतीस मजबूत दांडी बसवावी. उकिडवें बसणें जमत नाहीं तोंवर मध्यें भोंक पाडलेली खुर्ची चालते, आणि गांवचा सुतार ती करूं शकतो.

कुबड्यांविषयीं एक सूचना. पुष्कळ लोक कांखेवर भार टाकून लोंबतात. त्यानें कांखेंतील मज्जातंतु दबून हात बधिर होतो. भार तळहातांवर घ्यावा, आणि कुबडीचा माथा व कांख ह्यांमध्यें दोन-तीन बोटें अंतर ठेवावें.

५. उरलेला पाय

एक पाय गेल्यावर सर्वांचें लक्ष खुंटाकडे असतें, आणि दुसऱ्या पायाकडे कोणीच पाहत नाहीं. मधुमेहानें पाय गेला असेल तर ही मोठी चूक होय. कारण ज्या रोगानें पहिला पाय नेला, तोच रोग दुसऱ्याच्या पाठीस लागलेला असतो.

येथें वेल्लोरची एक गोष्ट उपयोगी पडेल. डॉ. पॉल ब्रँड १९४६ सालीं तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. कुष्ठरोग्यांचीं बोटें रोगानें आपोआप झडतात असें त्या काळीं लोक समजत. ब्रँड ह्यांनीं बारकाईनें पाहून दाखविलें कीं, रोगामुळें वेदना कळेनाशी होते. मग मनुष्य भाजतो, कापतो, ठेंचाळतो, आणि त्यास पत्ता नसतो. अशा न कळलेल्या जखमांनीं अवयव जातो. मधुमेह्याच्या पायाचीही हीच कथा आहे. चपलेंत खडा असतो, दिवसभर तो टोंचत असतो, आणि मनुष्य सुखानें चालत असतो.

म्हणून रोज रात्रीं उरलेला पाय दिव्याजवळ घेऊन पाहावा: टांच, तळवा, बोटांच्या बेचक्या. शेतांत किंवा घरांत अनवाणी चालूं देऊं नये. चपला घालण्यापूर्वीं झाडाव्या. कढत पाण्यानें शेकूं नये. कुरूप पात्यानें कापूं नये. नखें सरळ कापावीं. साखर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें तपासावी, आणि तंबाखू व बिडी सोडावी, कारण त्यानें रक्तवाहिन्या आकसतात.

६. मनाची जखम

पाय गेलेला मनुष्य शोक करतो, आणि त्याचा शोक खरा असतो. तो चिडतो, ताट सारतो, बोलत नाहीं. जो काल औत हांकीत होता, त्याला आज न्हाणीघरापर्यंत बायकोच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. ह्या लाजेची बरोबरी दुखण्याशीं होत नाहीं. अशा वेळीं “देवाचे आभार माना, जीव तरी वाचला” असें वारंवार म्हणणाऱ्यांचा हेतु चांगला असतो, पण त्यानें रोग्याचें तोंड बंद होतें. त्यास रडूं द्यावें. जवळ बसावें. बोलण्याची घाई करूं नये.

त्यापुढची पायरी म्हणजे त्यास माणसांत ठेवणें. घरांतील बेत त्यास वगळून ठरवूं नयेत. बी कोणतें घ्यावें, बैल विकावा कीं नाहीं, मुलीची शाळा, सावकाराचा निरोप, हें सर्व त्याच्यासमोर बोलावें. पाय गेला आहे. घरधनीपण गेलेलें नाहीं. मुलांनाही खोटें सांगूं नये. “बाबांचा पाय सडला होता, तो ठेवला असता तर बाबा गेले असते,” एवढें खरें वाक्य मूल समजतें.

परंतु एक सावधगिरी राखावी. अनेक आठवडे झोप नाहीं, अन्न नाहीं, आणि “मी तुमच्यावर ओझें झालों, मी गेलों तर बरें,” असे उद्गार निघूं लागले, तर ते नुसते बोलणें समजूं नये. शेतकऱ्याच्या घरीं फवारणीचें विष सहज हाताशीं असतें; तें कुलपांत ठेवावें किंवा घराबाहेर न्यावें, आणि डॉक्टरांस सांगावें. सरकारनें २०२२ सालीं टेलीमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा व रात्रीं विनामूल्य बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें. हा क्रमांक रोग्यासाठीं आहे, तसाच शुश्रूषा करणाऱ्यासाठींही आहे.

७. नवा पाय

जखम भरून सूज उतरल्यावर, बहुधा दोन-तीन महिन्यांनीं किंवा अधिक काळानें, कृत्रिम पायाची वेळ येते. आपल्या देशांत ह्या कामाचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धांत अवयव गमावलेल्या सैनिकांसाठीं १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें. मुंबईंत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ सालीं स्थापन झाली. पुढें १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयांत रामचंद्र शर्मा नांवाचे कुशल कारागीर व डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनीं मिळून रबराचा जो पाय बनविला, तो खेड्यांतील मनुष्यास विशेष सोयीचा ठरला. परदेशी पायास बूट लागतो. हा पाय अनवाणी चालतो, चिखलांत व पाण्यांत चालतो, आणि त्याचा घोटा वांकत असल्यामुळें खालीं बसणेंही पुष्कळांस साधतें. १९७५ सालीं देवेंद्र राज मेहता ह्यांनीं स्थापिलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिति असे पाय विनामूल्य देते, व तिचीं शिबिरें ठिकठिकाणीं भरतात.

नवा पाय मिळाला म्हणजे सर्व झालें, असें मात्र नाहीं. आरंभीं तो टोंचतो, जड वाटतो. पहिल्या दिवशीं थोडाच वेळ घालावा, काढून खुंट पाहावा, आणि मग वेळ वाढवीत जावें. खुंट कांहीं महिने बारीक होत जातो. तेव्हां पाय सैल होतो व पुन्हां बसवून घ्यावा लागतो. पुष्कळ घरीं नवा पाय माळ्यावर पडलेला असतो, त्याचें कारण बहुधा हेंच कीं, तो टोंचला आणि कोणी पुन्हां केंद्रांत नेलें नाहीं. जाण्याचें भाडें व एका दिवसाची मजुरी बुडेल, पण पाय उपयोगांत येईल.

धीर यावा म्हणून दोन उदाहरणें. १९७१ च्या युद्धांत मुंबईंत जन्मलेले गोरखा पलटणींतील मेजर इयान कार्डोझो ह्यांचा पाय सुरुंगानें चिंधड्या झाला. त्यांनीं तो आपल्या कुकरीनें स्वतःच तोडिला. पुढें कृत्रिम पायावर त्यांनीं सैन्याच्या सर्व परीक्षा दिल्या आणि पलटणीचें आधिपत्य मिळविलें. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन ह्यांचा उजवा पाय १९८१ सालीं प्रवासांतील अपघातानंतर कापावा लागला. जयपूरचा पाय घालून त्या १९८४ सालीं पुन्हां रंगमंचावर नाचल्या. प्रत्येकानें सेनापति किंवा नर्तकी व्हावें असें नाहीं. घनसावंगीच्या मनुष्यानें पुन्हां आपल्या बांधावर जावें, मोसंबीचीं कलमें बांधावीं, शिलाईचें यंत्र किंवा किराणा चालवावा, एवढें झालें तरी पुष्कळ झालें.

सरकारी साहाय्यही घ्यावें. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमाप्रमाणें चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असणारास अनेक सवलती मिळतात. त्यासाठीं वैश्विक ओळखपत्र लागतें. गांवच्या सेवा केंद्रांतून अर्ज भरावा. तपासणी सरकारी रुग्णालयांत होते. रुग्णालयाचे सर्व कागद एका पिशवींत जपून ठेवावे.

८. शुश्रूषा करणाराची शुश्रूषा

शेवटीं त्या दुसऱ्या माणसाकडे वळूं. ती पहांटे उठते, पाणी भरते, पट्टी बांधते, मजुरीस जाते, परत येऊन पुन्हां पट्टी बांधते. तिची पाठ दुखते, पण ती सांगत नाहीं, कारण पाय गेलेल्या माणसासमोर पाठ दुखते असें कसें म्हणावें? कधीं तिला रागही येतो, आणि राग आला म्हणून ती स्वतःस पापी समजते. भगिनींनो, थकणें हें पाप नव्हे. जो दिवा कधीं तेल घेत नाहीं तो विझतोच. आठवड्यांतून कांहीं तास दुसऱ्या कोणी तरी बसावें, असा बंदोबस्त मागून घ्यावा. रोग्यास एकटीनें ओढून उचलूं नये. त्यास हातांवर जोर देऊन सरकण्यास शिकवावें.

येथेंच मंडळींतील लोकांचें व उपदेशकांचें काम आहे. भेटीस जाऊन “कांहीं लागलें तर सांगा” असें म्हणणें सोपें आहे. पण गरजू मनुष्य सांगत नाहीं. त्यापेक्षां “मंगळवारीं मी रुग्णालयांत बरोबर येतों,” “गुरुवारची रात्र मी येथें निजतों,” “ह्या पंधरवड्याचा चारा आमच्याकडे,” असें म्हणावें. आणि हें पहिल्या आठवड्यांत नव्हे, तर तिसऱ्या महिन्यांत म्हणावें, जेव्हां इतर सर्व विसरलेले असतात.

सर्व धड्याचें सार तीन वाक्यांत येतें. जें त्यास करतां येतें, तें त्यासच करूं द्यावें, वेळ लागला तरी. जें त्यास शिकतां येईल, तेथें हात न लावतां जवळ उभें राहावें. जें त्यास मुळींच करतां येत नाहीं, तेंच आपण करावें, आणि तें करतांना उपकाराचा शब्द काढूं नये.

आरंभीं ज्या बाईची गोष्ट घेतली, तिनें हा धडा वेळेवर ऐकला असता, तर तिनें उशी काढून घेतली असती. पति रागावला असता, रात्रभर कण्हला असता, आणि ती अंधारांत त्याच्या शेजारीं जागी बसली असती. तीही मायाच होती. किंबहुना अधिक कठीण माया.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. गुडघ्याखालीं उशी ठेवल्यानें पुढें काय नुकसान होतें? त्याऐवजीं काय करावें?
२. नसलेल्या पायांत वेदना कां होतात? अशा वेळीं रोग्यास काय बोलावें व काय बोलूं नये?
३. मधुमेह असतां उरलेल्या पायाची रोज कोणती तपासणी करावी?
४. आपल्या गांवीं असें एखादें घर आहे काय? त्या घरांतील शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा एक दिवसाचा भार ह्या आठवड्यांत आपण कसा उचलाल?